आर्थिक संदर्भातली संख्यासाक्षरता चाचणी (सातवी ते नववी): प्रश्न कसे घडवावेत?

त्रिज्या (धागाकर्ती)

सातवी ते नववीच्या मुलांसाठी पैशाच्या व्यवहारांवर बेतलेली संख्यासाक्षरतेची चाचणी तयार करायचं काम आमचा एक छोटा गट करतोय. प्रश्नांचा पहिला खर्डा झालाय. त्यातले काही प्रश्न आणि ते घडवताना पडलेले पेच इथे मांडतेय. शिकवणारे, पेपर काढणारे, संख्याशास्त्रवाले, पालक, सगळ्यांचीच मतं हवी आहेत. प्रश्नांची चिरफाड केलीत तरी चालेल.

नेमकं काय मोजायचंय ते आधी सांगते. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज हे धडे या वयापर्यंत होऊन गेलेले असतात. धड्याखालच्या उदाहरणसंग्रहात कोणतं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावावरूनच कळतं, त्यामुळे उत्तरं येतात. आम्हाला पाहायचंय ते त्यापुढचं. समोर नुसती एक जाहिरात, एखादी पावती किंवा बातमीतला तक्ता ठेवला आणि सूत्राचं नावही काढलं नाही, तर मूल त्यातून गणित उभं करू शकतं का? आणि आलेलं उत्तर पुन्हा त्या व्यवहारात ठेवून 'हे पटतंय का' असं तपासतं का? 'पिसा' या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या गणिताच्या आराखड्यात हेच तीन टप्प्यांत मांडलंय: प्रसंग गणितात आणणं, गणित सोडवणं, उत्तराचा अर्थ लावणं. नेहमीच्या शाब्दिक उदाहरणांचा सगळा भर मधल्या टप्प्यावर असतो. पहिला टप्पा पुस्तक करून देतं आणि तिसरा कुणी विचारतच नाही.

तिसरा टप्पा सुटला की काय होतं याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीचं आहे; त्याचं विश्लेषण १९८३ साली प्रसिद्ध झालं. १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण '३२ बस' हे उत्तर फक्त २३ टक्के मुलांनी दिलं. २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' असं लिहिलं. भागाकार येत होता, पण १२ माणसं मागे राहिली याकडे लक्षच गेलं नाही. हीच मुलं पुढे कर्जाच्या कागदांवर सह्या करतात, म्हणून मला हा विषय इतका जवळचा वाटतो.

प्रश्न निवडताना आम्ही एक अट घातलीय: संदर्भ खोडून पाहायचा. 'एका वस्तूची किंमत ८०० आहे, तिच्यावर १५% सूट मिळाली, तर ती केवढ्याला पडेल?' यातून वस्तू आणि सूट हे शब्द काढून टाका. '८०० मधून ८०० चे १५% वजा करा' एवढंच उरतं आणि उत्तर तेच येतं. म्हणजे संदर्भ नुसता शोभेला होता. असा प्रश्न आम्ही घेत नाही.

आता खर्ड्यातले प्रश्न. चलन मुद्दाम लिहिलेलं नाही, ज्यानं त्यानं आपल्या मुलांसाठी भरावं.

प्रश्न १. एक विक्रेता ३०% सूट देतो आणि कमी झालेल्या किमतीवर आणखी २०% सूट देतो. दुसरा विक्रेता त्याच वस्तूवर सरळ ४५% सूट देतो. दोघांची मूळ किंमत सारखीच आहे. कुणाकडे वस्तू स्वस्त पडेल? मूळ किंमत माहीत नसताना हे ठरवता येईल का?

(पहिल्याची सूट प्रत्यक्षात ४४% होते. जो ५०% म्हणेल त्याचं नेमकं कुठे अडलंय ते लगेच कळतं. शेवटच्या ओळीवर माझा विशेष जीव आहे. बरीच मुलं 'किंमत दिलेली नाही, म्हणून सांगता येणार नाही' असं म्हणतील असा माझा अंदाज आहे.)

प्रश्न २. मागच्या वर्षी भाववाढीचा दर ८% होता, यंदा तो ५% आहे. बातमीचा मथळा: 'वस्तू स्वस्त झाल्या'. मथळा बरोबर आहे का? १०० किमतीची वस्तू घेऊन दाखवा.

(१००, १०८, ११३.४. वाढ मंदावली, भाव उतरले नाहीत.)

प्रश्न ३. एका जागी १० जण काम करतात. नऊ जणांना दरमहा २० हजार मिळतात आणि एकाला २ लाख २० हजार. जाहिरातीत लिहिलंय: 'आमच्याकडे सरासरी पगार ४० हजार'. हे खोटं आहे का? तुम्ही तिथे नोकरीला लागलात तर साधारण किती पगाराची अपेक्षा धराल?

प्रश्न ४. १२००० ची वस्तू हप्त्यांवर मिळते. दरमहा ११०० असे १२ हप्ते. विक्रेता म्हणतो, 'व्याज फक्त १०%.' त्याचं म्हणणं तपासा.

शेवटच्या प्रश्नावर आमच्या गटातच एकमत नाही. निम्म्या लोकांना तो नववीलाही झेपणार नाही असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

खडूफळा

विषय उत्तम. प्रश्न २ आणि ३ फार आवडले.

पण एक धोका दिसतो, तो वाचनाचा. असे प्रश्न लांबतात, आणि मग चाचणी गणिताची घेतो की भाषेची हेच कळेनासं होतं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये मुलांच्या चुका शोधायची एक पद्धत मांडली. ती मी वर्गात नेहमी वापरतो. मुलाला समोर बसवायचं आणि पाच गोष्टी क्रमानं करायला सांगायच्या: प्रश्न मोठ्यानं वाच, काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग, कसं करणार ते सांग, करून दाखव, आता उत्तर पूर्ण वाक्यात लिही. मूल कोणत्या पायरीवर थांबलं ते तिथल्या तिथे दिसतं. माझा अनुभव असा की शाब्दिक उदाहरणात अडणाऱ्या मुलांपैकी पुष्कळशी आकडेमोडीपर्यंत पोहोचतच नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवरच ती थांबलेली असतात.

तुमच्या प्रश्न २ मध्ये 'भाववाढीचा दर' हा शब्द आहे. तो माहीत नसेल तर मूल दुसऱ्या पायरीवर गेलं, आणि तुम्ही मात्र त्याला शेकडेवारीत कच्चं ठरवणार. वर एक वाक्य घाला: 'भाव एका वर्षात किती टक्क्यांनी वाढले ते हा दर सांगतो.' एवढ्यानं काम होतं.

लिहिण्याच्या बाबतीत माझे नियम साधे आहेत. एका वाक्यात एकच माहिती. जोडवाक्यं नकोत. 'खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही' असली दुहेरी नकारांची भाषा तर मुळीच नको. आकडे तीनाहून जास्त झाले की तक्ता करा.

---

निळीशाई

खडूफळा सर, सहमत. पण मग माझी शंका अशी की सगळंच समजावून सांगितलं तर आर्थिक संदर्भाला अर्थ काय राहिला? पिसाने २०१२ पासून आर्थिक साक्षरतेची वेगळी चाचणी घ्यायला सुरुवात केली. त्रिज्याताईंची चाचणी नक्की कुठे बसते? आर्थिक साक्षरता की गणित?

---

त्रिज्या

निळीशाई, आम्ही रेघ अशी ओढलीय: व्यवहाराबद्दलची माहिती प्रश्नात द्यायची, तर्क द्यायचा नाही. हप्ता म्हणजे काय, भाववाढीचा दर म्हणजे काय, हे प्रश्नातच सांगायचं. दर घटला तरी भाव वाढतच असतात, हे मुलानं आकड्यांवरून काढायचं. आर्थिक साक्षरतेच्या चाचणीत विम्याचा उपयोग काय, अनोळखी संदेशाला उत्तर द्यावं का, असेही प्रश्न येतात. ते गरजेचे आहेत, पण आमच्या चाचणीत बसत नाहीत. आकड्यांशिवाय सुटेल असा एकही प्रश्न आम्हाला नकोय.

न्यूमन यांच्या पायऱ्या प्रश्न पक्के करतानाही उपयोगी पडतील असं दिसतंय. सात-आठ मुलांना एकेकट्यानं बसवून प्रश्न मोठ्यानं वाचून घ्यायचे. यादीत टाकलं.

---

समांतर

मला वेगळ्याच बाजूनं बोलायचंय. 'व्यवहारातले प्रश्न दिले की गरीब घरातल्या मुलांना सोपं जातं, कारण ती व्यवहार जगत असतात' असं आपण गृहीत धरतो. पुरावा इतका सरळ नाही.

१९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले आणि हिशेब विचारले. मुलांनी ९८ टक्के हिशेब बरोबर केले. मग तेच आकडे कागदावर नुसत्या आकडेमोडीसारखे दिले, तर ३७ टक्केच बरोबर आले. त्यात १२ वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण आहे. ३५ ला एक असे ४ नारळ. तोंडी त्यानं सांगितलं: तीनांचे १०५, त्यात ३० घातले की १३५, आणि मग १४०. कागदावर ३५ × ४ दिल्यावर त्याच मुलानं उत्तर काढलं २००. चार पंचे वीस, हातचे दोन. हातचे दोन तीनात मिळवून पाच. पाच चोक वीस. हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं! तोंडी हिशेबात अशी चूक त्याच्या हातून होणं अवघड होतं, कारण तिथे प्रत्येक पायरीवर नारळ डोळ्यांसमोर होते.

उलट बाजूही आहे. इंग्लंडमध्ये बॅरी कूपर आणि मरेड डन यांनी राष्ट्रीय चाचणीतल्या प्रश्नांवर काम केलं. त्यातला एक प्रश्न: एका लिफ्टमध्ये जास्तीत जास्त १४ माणसं मावतात, सकाळच्या गर्दीत २६९ जणांना वर जायचंय, लिफ्टला किती फेऱ्या माराव्या लागतील? अपेक्षित उत्तर २०. म्हणजे उत्तर वरच्या पूर्णांकाकडे न्यायचं, एवढाच व्यवहार मुलानं आत आणायचा. काही जण जिन्यानं जातील, लिफ्ट दर वेळी भरेलच असं नाही, हे मात्र मनात आणायचं नाही. वास्तवातलं नेमकं किती आत आणायचं हा अलिखित नियम कामगार घरांतल्या मुलांना मध्यमवर्गीय मुलांपेक्षा जास्त फसवतो असं त्यांना दिसलं. गणित येणारी मुलंसुद्धा त्यात गुण गमावत होती.

अलीकडे, २०२५ मध्ये, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो त्यात आहेत. बाजारातले किचकट हिशेब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडली, आणि बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबात अडली.

म्हणून त्रिज्या यांना माझं सांगणं असं की आर्थिक संदर्भ आहे म्हणजे चाचणी आपोआप न्याय्य झाली असं धरू नका. प्रश्न ३ घ्या. 'किती पगाराची अपेक्षा धराल?' एखादं मूल लिहील, 'मी नवा, म्हणून मला २० हजारांपेक्षाही कमीच देतील.' व्यवहारात हे अगदी बरोबर आहे. तुम्ही गुण देणार का?

---

त्रिज्या

देणार. कारणासकट लिहिलं तर पूर्ण गुण देणार, आणि हे गुणदान योजनेत आधीच लिहून ठेवणार, म्हणजे तपासणाऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही. लिफ्टचा प्रश्न आमच्या प्रत्येक प्रश्नलेखकाला वाचायला देते. इतका नेमका प्रतिसाद दिलात, मनापासून आभार.

---

रेघोटी

समांतर यांच्या प्रतिसादाला +१. हातच्याची चूक वाचून चटका लागला. अशी किती मुलं 'गणितात ढ' ठरली असतील.

---

दशांश

प्रश्नांची भाषा आणि न्याय यावर चांगलं बोलणं चाललंय. मी मोजमापाबद्दल लिहितो, कारण इथे बरेच उपक्रम घाईत संपतात.

आशयाची सप्रमाणता (जे मोजायचंय तेच प्रश्न मोजतात का): तज्ज्ञांना नुसतं 'प्रश्न कसा वाटला' असं विचारू नका. प्रत्येक प्रश्नावर 'अत्यावश्यक', 'उपयुक्त पण अत्यावश्यक नाही', 'अनावश्यक' यांपैकी एक खूण करायला सांगा. लॉशे यांची १९७५ ची पद्धत आहे. 'अत्यावश्यक' म्हणणाऱ्यांतून निम्मे तज्ज्ञ वजा करायचे आणि निम्म्यांनीच भागायचं. दहापैकी नऊ तज्ज्ञांनी अत्यावश्यक म्हटलं तर गुणोत्तर (९ − ५) ÷ ५, म्हणजे ०.८ येतं. दहा तज्ज्ञ असताना त्यांच्या तक्त्यात किमान ०.६२ लागतं. म्हणजे आठ जणांची संमती (०.६) असली तरी प्रश्न थोडक्यात मागे राहतो. तज्ज्ञांमध्ये सगळे गणिताचेच घेऊ नका. एक अर्थशास्त्राचा आणि एक रोज त्या वयाच्या मुलांना शिकवणारा हवाच.

मग पूर्वचाचणी. समजा १०० मुलं. एकूण गुणांप्रमाणे लावून वरची २७ आणि खालची २७ घ्या. एखादा प्रश्न वरच्या गटात २१ जणांना आणि खालच्या गटात ९ जणांना आला. काठिण्य निर्देशांक (दोन्ही गट मिळून किती जणांना प्रश्न आला) ३० ÷ ५४, म्हणजे ०.५६. भेददर्शकता, म्हणजे वरच्या आणि खालच्या गटांतला फरक प्रश्न किती दाखवतो, ती (२१ − ९) ÷ २७, म्हणजे ०.४४. उत्तम प्रश्न. ०.२ च्या खाली भेददर्शकता गेली की प्रश्न पुन्हा वाचायचा. ती ऋण आली, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्च्यांना जमलं, तर बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा हुशार मुलांनी प्रश्नात तुम्हाला न दिसलेलं काहीतरी पाहिलेलं असतं. अशा मुलांना बोलावून विचारा. समांतर यांची लिफ्टवाली मुलं तुम्हाला इथेच सापडतील.

आता महत्त्वाचं. या प्रकारच्या चाचणीत एका जाहिरातीवर किंवा पावतीवर तीन-चार उपप्रश्न असतात. ज्याला पावती कळली त्याचे चारही बरोबर, ज्याला नाही कळली त्याचे चारही चूक. उपप्रश्न एकमेकांवर अवलंबून असतात, आणि क्रॉनबाकचा अल्फा (गुण किती भरवशाचे आहेत ते सांगणारा आकडा) काढताना त्यांना सुटे प्रश्न धरलं तर विश्वसनीयता आहे त्यापेक्षा फुगून दिसते. एका प्रसंगावरचे सगळे उपप्रश्न मिळून एक गठ्ठा धरा आणि गठ्ठ्यांवर अल्फा काढा. आकडा खाली येईल, पण तोच खरा असेल.

आणखी एक. मुलगे आणि मुली, शहर आणि खेडं, अशा गटांत एकूण गुण सारखे असलेली मुलं एकाच प्रश्नावर वेगळी वागतायत का ते पाहा. मँटेल-हेन्झेल पद्धत त्यासाठी चालते, मात्र प्रत्येक गटात मुलं पुरेशी हवीत. संदर्भ कुणाच्या अंगावर येतोय हे अंदाजानं ठरवण्यापेक्षा असं तपासलेलं बरं.

---

आर्या_क

मी शिक्षक नाही, आठवीतल्या मुलीची आई आहे. तुम्हा सगळ्यांचं वाचून खूप शिकायला मिळालं.

एक गोष्ट मनात आली ती सांगते. हप्ते, कर्ज, पगार हे शब्द काही घरांत फार जड असतात. ज्याच्या घरी हप्ता थकलाय, वसुलीला माणसं येऊन गेलीत, त्या मुलासमोर परीक्षेत 'एका कुटुंबाने कर्ज घेतले आणि ते फेडू शकले नाही' असा प्रश्न आला तर त्याचं लक्ष गणितात राहील का? हे विषय टाळा असं मी म्हणत नाही, अशा मुलाला तर ते सगळ्यात जास्त कळायला हवेत. पण प्रश्नातलं माणूस चुकलंय, फसलंय, गरीब आहे म्हणून त्याला हिशेब कळला नाही, असा सूर नको. तुमच्या प्रश्न ४ मध्ये विक्रेत्याचं म्हणणं तपासायचंय, ते मला बरं वाटलं. तिथे मूल तपासणाऱ्याच्या जागी उभं राहतं.

---

खडूफळा

आर्याताई, फार मोलाचं सांगितलंत. हे कुठल्याच तज्ज्ञाच्या खूणपत्रकात येत नाही. त्रिज्याताई, प्रश्न तपासायच्या यादीत हा मुद्दा वेगळा घाला: 'प्रश्नातल्या व्यवहाराचा बोजा ज्याच्या घरी आहे त्या मुलाला हा प्रश्न वाचताना कमीपणा वाटेल का?'

---

वहीचंपान

गुणदानाबद्दल कुणीच फार लिहिलं नाही म्हणून लिहिते. पिसामध्ये खुल्या उत्तरांना दोन अंकी संकेत देतात. पहिला अंक गुण सांगतो, दुसरा उत्तराचा प्रकार सांगतो. शिक्षकाला हा दुसरा अंकच जास्त कामाचा.

प्रश्न २ साठी मी असं करून पाहिलं. २१: मथळा चूक, १०८ आणि ११३.४ दोन्ही दाखवले. २२: मथळा चूक, आकडे नाहीत पण 'दर कमी झाला तरी वाढ आहेच' असं स्पष्ट लिहिलंय. ११: मथळा चूक म्हटलंय, पण दोन्ही वर्षांचे टक्के १०० वरच काढून ११३ लिहिलेत. ०१: मथळा बरोबर, कारण ५ हा ८ पेक्षा लहान. ०२: मथळा बरोबर, आणि १०८ मधून काहीतरी वजा केलंय.

११ आणि ०१ या दोन मुलांना एकच शेरा देऊन कसं चालेल? पहिल्याला व्यवहार कळलाय, पाया बदलतो एवढं सांगायचंय. दुसऱ्याला बदल आणि बदलाचा वेग यांतला फरकच अजून दिसलेला नाही. दोघांची शिकवणी वेगळी.

तपासणारे दोघे घ्या, वीस-पंचवीस उत्तरं दोघांनी स्वतंत्र तपासा आणि मग संकेत जुळवून पाहा. जिथे जुळत नाहीत तिथे बहुतेक वेळा संकेताचं वाक्य ढिलं असतं.

---

निळीशाई

हे उत्तम आहे. पण हजार मुलांची चाचणी असेल तर इतकी खुली उत्तरं कोण तपासणार? इंडोनेशियाने २०२१ पासून राष्ट्रीय परीक्षेच्या जागी पाचवी, आठवी आणि अकरावीला किमान क्षमतेची चाचणी आणली. तिच्यात साध्या बहुपर्यायी प्रश्नांबरोबर संमिश्र बहुपर्यायी, जोड्या लावा, लघुत्तरी आणि सविस्तर उत्तराचे असे सगळे प्रकार आहेत. संमिश्र म्हणजे एका प्रसंगावर तीन-चार विधानं, आणि प्रत्येकासमोर चूक की बरोबर ते ठरवायचं. चार पर्यायांच्या प्रश्नात अंदाजपंचे उत्तर बरोबर यायची शक्यता चारात एक. तीन विधानं तिन्ही बरोबर ओळखली तरच गुण, असं ठेवलं तर ती आठात एक होते. तपासणीही यंत्रावर होते.

प्रश्न १ याला अगदी योग्य आहे. 'पहिल्या विक्रेत्याची एकूण सूट ५०% आहे.' 'दुसऱ्याकडे वस्तू स्वस्त पडते.' 'मूळ किंमत दुप्पट केली तर उत्तर बदलेल.' तीन विधानं झाली.

आणि गणकयंत्र द्याल का? मी म्हणेन द्या. पिसामध्येही मुभा असते. आकडेमोडीत अडकलेलं मूल तुम्हाला हवा तो टप्पा दाखवूच शकत नाही.

---

समांतर

गणकयंत्राला माझी हरकत नाही, पण सगळ्यांना सारखंच द्या. घरून आणा म्हटलंत तर पुन्हा तोच प्रश्न.

प्रश्न ४ बद्दल बोलू या का? तो काढू नये असं मला मनापासून वाटतं. संपूर्ण खर्ड्यात खऱ्या अर्थानं आर्थिक असा तोच प्रश्न आहे.

---

दशांश

प्रश्न ४ काढू नका. आहे तसा मात्र तो नववीला जड आहे, कारण खरा दर काढायला जे समीकरण लागतं ते त्यांच्याकडे नाही. (उत्तर महिन्याला साधारण दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८% च्या आसपास येतं.) पण खरा दर काढायला सांगायची गरजच काय? मुलांना महिन्यावार बघू द्या.

एकूण १३२०० भरायचे, म्हणजे व्याज १२००, आणि ते १२ महिन्यांत सारखं वाटलं तर महिन्याला १०० व्याज आणि १००० मुद्दल. पहिल्या महिन्यात देणं १२००० चं, त्यावर १०० व्याज. सहावा हप्ता फिटल्यावर देणं उरतं ६०००, सातव्या महिन्यातही व्याज १००. शेवटच्या महिन्यात देणं उरलंय फक्त १०००, आणि त्यावरही १००. एका महिन्यासाठी १००० वर १००! विक्रेत्याचं 'वर्षाला १०%' इथे एका महिन्याला १०% झालं.

याला बेरीज, वजाबाकी आणि शेकडेवारी पुरते. सातवीचं मूलसुद्धा करेल.

---

खडूफळा

वा! शेवटच्या ओळीवर आले की मुलं स्वतःच थबकतील. हा प्रश्न मी चाचणीची वाट न बघता वर्गात घेणार.

---

वहीचंपान

फक्त 'विक्रेता खोटं बोलतोय का' असं विचारू नका. १२००० चे १०% म्हणजे १२०० हे त्याचं गणित बरोबरच आहे. 'विक्रेत्यानं कोणती रक्कम धरून १०% काढले, आणि ती रक्कम वर्षभर तुमच्याकडे होती का?' असं विचारा.

---

त्रिज्या

प्रश्न ४ राहतोय. तुमच्या सूचना घेऊन नवा मसुदा असा:

एक वस्तू रोख १२००० ला मिळते. तीच हप्त्यांवर घेतली तर दरमहा ११०० असे १२ हप्ते द्यावे लागतात. प्रत्येक हप्त्यातले १००० मूळ रकमेत जमा होतात आणि १०० व्याज असते. विक्रेता सांगतो: 'वर्षाचे व्याज १०%.' खालचा तक्ता पूर्ण करा. (तक्त्याचे रकाने: महिना, महिन्याच्या सुरुवातीला बाकी देणे, व्याज, व्याज बाकी देण्याच्या किती टक्के. पहिला, चौथा, सातवा, दहावा आणि बारावा महिना.)

(अ) शेवटच्या रकान्यातल्या आकड्यांत काय बदल होत जातो?
(आ) विक्रेत्यानं कोणती रक्कम धरून १०% काढले? ती रक्कम वर्षभर गिऱ्हाइकाकडे होती का?
(इ) दुसरा विक्रेता दर महिन्याला त्या वेळच्या बाकी देण्यावर १% व्याज घेतो. मूळ रकमेत दरमहा १००० च जमा होतात. एकूण व्याज कुणाकडे कमी पडेल?

(इ) चं उत्तर: १२०, ११०, १०० असं उतरत शेवटी १०. बेरीज ७८०. पहिल्याचं १२००. वर्षाचा दर सांगायला दुसऱ्याचा १२% आणि पहिल्याचा १०%, तरी व्याज दुसऱ्याकडे कमी. आमच्या गटात ज्यांचा विरोध होता त्यांनीही हा मसुदा मान्य केलाय. सगळे उपप्रश्न एकच गठ्ठा धरू.

पुढचा क्रम असा ठरवलाय: आधी तज्ज्ञांची खूणपत्रकं, मग मुलांना एकेकट्यानं बसवून वाचन, मग एका छोट्या गटावर, आणि मग मोठी पूर्वचाचणी. मुलांच्या उत्तरांचे प्रकार हाती आले की इथेच टाकेन, संकेत सगळे मिळून पक्के करू.

---

दशांश

(इ) फार छान जमलाय.

एक छोटी पण नंतर सुधारता न येणारी गोष्ट. उत्तरं संगणकात भरताना कोऱ्या जागा सरसकट 'चूक' म्हणून भरू नका. मधला प्रश्न कोरा आणि पुढचे सोडवलेले, म्हणजे मुलानं तो सोडून दिला. एका जागेनंतर शेवटपर्यंत सगळंच कोरं, म्हणजे तो तिथवर पोहोचलाच नाही. दोन्हींना वेगळे संकेत द्या. तुमचे प्रश्न लांब आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रकारची मुलं बरीच निघतील. त्यांना चूक धरलं तर शेवटचे प्रश्न उगाच कठीण दिसतील आणि तुम्ही चांगले प्रश्न काढून टाकाल. प्रश्न ४ शेवटी ठेवणार असाल तर हे जास्तच सांभाळा. नाहीतर पेपरच्या दोन आवृत्त्या करा आणि निम्म्या मुलांना तो सुरुवातीला द्या.